उत्तरं देणं पुरे, आता प्रश्न आपण लिहू या

ठाण्यात कुणाला मुस्लिम स्त्रियांचा अभ्यास करायचा असला की तो मुंब्र्याला उतरतो. फार तर राबोडीत एक फेरी मारतो. पोखरण रोडनं वर्तकनगरला तो येत नाही. आलाच, तर म्हाडाच्या जुन्या इमारतींचा, पुनर्विकासाचा, मराठी कामगार कुटुंबांचा अभ्यास करायला येतो. त्यामुळे वर्तकनगरमध्ये राहणारी, मराठी शाळेत शिकलेली, घरी कोकणी नाहीतर दखनी बोलणारी, रमजानमध्ये सहेरीला उठून सकाळी सातची टीएमटी पकडणारी मुलगी कुठल्याच अभ्यासात नीट सापडत नाही. मुस्लिमांच्या यादीत तिचा पत्ता बसत नाही आणि मराठी बायकांच्या यादीत तिचं नाव बसत नाही.

हा लेख त्या मुलीसाठी आहे. तिच्या भावासाठीही आहे, त्याचं कारण पुढे येईल.

स्त्री-पुरुष समानता आणि आंतरराष्ट्रीय विकास हे शब्द ऐकले की न्यूयॉर्क, जिनिव्हा, मोठमोठ्या परिषदा आणि गळ्यात ओळखपत्र लटकवून फिरणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात हे क्षेत्र अगदी साध्या प्रश्नांवर उभं आहे. घरातलं पाणी कोण भरतं? मुलीची शाळा कोणत्या इयत्तेत सुटते आणि का? बाईच्या हातात स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आहे का? दवाखान्यात एकटी जायला तिला कुणाची परवानगी लागते? या प्रश्नांची उत्तरं गोळा करायची, ती तपासायची आणि त्यावरून सरकार, महापालिका, संयुक्त राष्ट्रसंघ किंवा एखादी संस्था पैसा कुठे घालेल हे ठरवायला मदत करायची, एवढाच या कामाचा गाभा आहे. आपल्या मुलामुलींना या प्रश्नांची उत्तरं लहानपणापासून पाठ आहेत. फक्त प्रश्न लिहिणारे आजवर बहुतेक दुसरेच होते.

माझं म्हणणं एकच आहे. मुस्लिम तरुणांनी या क्षेत्रात नोकरीसाठी जावंच, पण जाताना आपले प्रश्न बरोबर घेऊन जावं. दुसऱ्याच्या प्रश्नावलीवर सही गोळा करणारा हमाल होण्यासाठी एवढं शिकायची गरज नाही.

आपल्याला मोजलं कुणी?

मुस्लिमांना मोजलंच नाही असं म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती २००५ मध्ये नेमली गेली आणि २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तिचा अहवाल आला. शिक्षण, नोकऱ्या, बँकांचं कर्ज, वस्त्यांमधल्या सोयी अशा अनेक बाबतींत मुस्लिम कुठे आहेत हे देशानं पहिल्यांदा एवढ्या तपशिलात पाहिलं. हा अहवाल आपल्यासाठी मोलाचा आहे. पण त्या समितीत सात सदस्य होते आणि सातही पुरुष होते. मुस्लिम बाईचं म्हणणं त्यांनी ऐकलं, पण टेबलाच्या त्या बाजूला बसून प्रश्न ठरवायला एकही बाई नव्हती.

महाराष्ट्रात डॉ. महमूद-उर-रहमान यांची समिती २००८ मध्ये नेमली गेली, तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. २०१४ मध्ये राज्य सरकारनं वटहुकूम काढून मुस्लिमांमधल्या मागास गटांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातलं मात्र राहू दिलं. पुढे वटहुकमाचं कायद्यात रूपांतरच झालं नाही. न्यायालयात जे टिकलं ते आकड्यांच्या जोरावर टिकलं, आणि जे गेलं ते राजकीय इच्छा नसल्यामुळे गेलं. भाषणं, मोर्चे, निवेदनं यांची गरज आहेच. पण कोर्टात आणि मंत्रालयात शेवटी आकडा विचारतात, आणि तो आकडा कुणीतरी दारोदार फिरून आणलेला असतो.

ठाणे जिल्हा नावाचा एकच आकडा

देशातल्या स्त्रियांच्या आरोग्याबद्दल, लग्नाच्या वयाबद्दल, हिंसेबद्दल जे काही बोललं जातं त्याचा मोठा आधार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. १९९२-९३ पासून ते होतं. पाचवं सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये झालं. त्यानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्यात दर पाच जणींमागे एकीहून जास्त. वाचल्यावर मान खाली जावी असा हा आकडा आहे.

पण हाच आकडा आपल्या दाराशी आणला तर काय होतं? सर्वेक्षणाचा तक्ता जिल्ह्यापर्यंत येऊन थांबतो. आणि ठाणे जिल्हा म्हणजे काय? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यानंतरही त्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, नवी मुंबई ही शहरं आहेत आणि शहापूर-मुरबाडचे आदिवासी पाडेही आहेत. भिवंडीतली यंत्रमाग कामगाराची मुलगी, डोंबिवलीतली बँकेत नोकरी करणारी बाई, मुरबाडच्या पाड्यावरची ठाकर बाई आणि वर्तकनगरमधली आपली खाला, या सगळ्यांची मिळून एकच सरासरी निघते. जिल्ह्याच्या त्या तक्त्यात धर्मानुसार आकडे नसतात. वॉर्डानुसार नसतात. ठाणे शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १८ लाख ४१ हजारांच्या घरात होती. एवढ्या माणसांचं शहर जिल्ह्याच्या आकड्यात विरघळून जातं.

सर्वेक्षण करणाऱ्यांची ही चूक नाही. देशभराचं सर्वेक्षण प्रत्येक गल्लीपर्यंत जाऊ शकत नाही. गल्लीचं काम गल्लीतल्या शिकलेल्या मुलामुलींनीच करायचं असतं, आणि ते आपण केलेलं नाही. मग एखादा नेता उठून म्हणतो, मुस्लिम मुलींना शिकायचंच नसतं. दुसरा म्हणतो, आमच्या मुलींना काहीही त्रास नाही, इस्लामनं सगळे हक्क चौदाशे वर्षांपूर्वीच दिलेत. दोघांकडेही आकडा नसतो आणि दोघांनाही कुणी विचारत नाही.

ही वाट आपल्या ओळखीची आहे

हे क्षेत्र आपलं नाही, ते इंग्रजी शाळेतल्या उच्चभ्रूंचं आहे, असं वाटणाऱ्यांनी शरीफा हमीद अली हे नाव लक्षात ठेवावं. त्यांचा जन्म १८८३ चा, बडोद्याचा. वडील अब्बास तैयबजी, म्हणजे मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींच्या अटकेनंतर नेतृत्व हाती घेणारे. लग्नानंतर पतीच्या सरकारी नोकरीमुळे त्या मुंबई इलाख्यात फिरल्या, बायकांसाठी वर्ग आणि शुश्रूषा केंद्रं चालवली, बालविवाहाविरुद्ध काम केलं. मुस्लिम बाईचे हक्क लेखी स्वरूपात राखणाऱ्या निकाहनाम्याचा नमुना त्यांनी तयार केला. अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

त्यांची दोन कामं आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहेत. स्वातंत्र्याआधी काँग्रेसनं जी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, तिनं १९३९ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेत स्त्रियांचं स्थान काय असावं हे ठरवण्यासाठी एक उपसमिती केली. लक्ष्मीबाई राजवाडे तिच्या अध्यक्ष होत्या आणि शरीफा हमीद अली सदस्य होत्या. घरकामाला आर्थिक किंमत आहे का, मालमत्तेत बाईचा वाटा काय, हे प्रश्न तिथे तेव्हाच मांडले गेले होते. दुसरं काम १९४७ चं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महिलांच्या दर्जाविषयीच्या आयोगाची पहिली बैठक फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ झाली. जगभरातल्या पंधरा स्त्रिया होत्या, आणि भारताची जागा शरीफा हमीद अलींची होती. आजही दर मार्चमध्ये जगभरचे प्रतिनिधी ज्या आयोगासाठी न्यूयॉर्कला जमतात, त्याच्या पायाच्या दगडांत एका भारतीय मुस्लिम स्त्रीचा हात आहे. आपल्या घरांत हे नाव कुणाला माहीत नसावं, ही खरी अडचण आहे.

त्यानंतर १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. त्या सातजणी आपली स्वतःची गोष्ट सांगायला निघाल्या होत्या. संशोधनाच्या भाषेत सात हा फार लहान नमुना आहे. तरीही तो मोर्चा आज साठ वर्षांनी लक्षात आहे, कारण त्यापूर्वी या विषयावर बोलणाऱ्यांत त्या बायका सोडून बाकी सगळे होते.

मुंबई-मुंब्र्यातल्या प्रश्न विचारणाऱ्या

आपल्या आसपास गेल्या वीस वर्षांत काय झालं ते पाहा. 'पुकार' ही मुंबईची संस्था मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकारातून उभी राहिली. संशोधन हा फक्त विद्यापीठातल्यांचा नव्हे, प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, अशी मांडणी त्यांनी २००६ मध्ये केली. 'पुकार'नं वस्त्यांमधल्या तरुणांच्या गटांना फेलोशिप देऊन आपल्याच वस्तीवर संशोधन करायला लावलं. याच संस्थेत बायका आणि सार्वजनिक जागा यांवर एक प्रकल्प झाला, त्यातून शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक २०११ मध्ये आलं. समीरा खान यांनी त्याआधी २००७ मध्ये मुंबईतल्या मुस्लिम स्त्रिया आणि मोहल्ला यांवर लिहिलं. मोहल्ल्यात बाईवर आपल्याच माणसांची नजर असते आणि मोहल्ल्याबाहेर, विशेषतः १९९२-९३ नंतर, असुरक्षितता असते. बाई दोन्हींच्या मध्ये अडकते. आपल्यातल्या प्रत्येक मुलीला हे ठाऊक होतं. पण ते अभ्यास म्हणून छापलं गेलं तेव्हा नगररचना शिकवणाऱ्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली.

भारतीय मुस्लिम महिला आंदोलन २००७ मध्ये सुरू झालं. त्यांच्या कार्यकर्त्यांनी दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम स्त्रियांना कुटुंब कायद्याबद्दल विचारलं आणि २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. ९२.१ टक्के स्त्रियांना एकतर्फी तोंडी तलाक बंद व्हायला हवा होता. या सर्वेक्षणावर टीकाही झाली, स्त्रिया कशा निवडल्या असं विचारलं गेलं, आणि ते विचारणं योग्यच आहे. पण 'आमच्या बायकांना काही अडचण नाही' हे वाक्य त्यानंतर पूर्वीच्या ठसक्यात बोलता येईना. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तिहेरी तलाक रद्द केला, त्या खटल्यात हे आंदोलनही एक पक्षकार होतं.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. २०१९ मध्ये सरकारनं तलाक देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. त्याला बेबाक कलेक्टिव्हच्या हसीना खान यांच्यासारख्या मुस्लिम स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी विरोध केला. नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे मुस्लिम स्त्रियांमध्येही मतभेद आहेत, असावेतही. हे मतभेद सोडवायचा रस्ता एकच आहे. कायदा आल्यानंतर ठाण्यात, कल्याणात, भिवंडीत किती बायकांना नुसतं माहेरी सोडून दिलं, किती जणींना पोटगी मिळाली, किती जणी पोलीस ठाण्याची पायरी चढल्या, हे मोजणं. ही पीएचडी अजून लिहायची आहे. वर्तकनगरमधल्या कुणी ती का लिहू नये?

मुंब्र्यात 'परचम' संस्थेनं मुलींना फुटबॉल खेळायला एकत्र आणलं. मैदान मिळावं म्हणून मुलींनी घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. सह्या गोळा करताना कुणाचं दार उघडलं, कुणी नाही म्हटलं, कोणत्या आईनं सही केली आणि वडिलांनी नाही, हे सगळं त्यांनी पाहिलं. यालाच फिल्डवर्क म्हणतात. त्या मुलींनी ते कुठल्याही अभ्यासक्रमाआधी केलं.

भावांनो, हा तुमचाही विषय आहे

'जेंडर' म्हणजे बायकांचा विषय, असं समजून मुलं बाजूला होतात. ब्राझीलमधल्या एका संस्थेनं तरुण पुरुषांबरोबर एक कार्यक्रम केला होता. मर्द म्हणजे काय, राग आला तर हात उचलायचा का, कंडोमची जबाबदारी कुणाची, यावर मुलांनाच बोलतं केलं. तो कार्यक्रम मुंबईच्या वस्त्यांत आला तेव्हा 'कोरो' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि संशोधकांनी तो इथल्या मुलांच्या भाषेत बसवला, नाव दिलं 'यारी दोस्ती'. पुढे २००८ पासून मुंबईतल्या ४५ महापालिका शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर असंच काम झालं. आंतरराष्ट्रीय विकास म्हणतात तो हा. रिओमधली कल्पना चेंबूरला आली, बदलली आणि जगाला परत काहीतरी शिकवून गेली. या कामात पुरुष संशोधक लागतात, कारण नाक्यावरचा पोरगा आपल्या मनातलं बाहेरून आलेल्या मॅडमला सांगणार नाही.

शिवाय मुलांनी पाहायलाच हवा असा एक आकडा आहे. देशात २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांमध्ये बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा बायका २८९ वर आल्या आणि पुरुष ८८ वर. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ! इफ्तारच्या दस्तरखानाभोवती बसलेल्या प्रत्येक भावानं एकदा हे गणित आपल्या घराला लावून पाहावं. भजी कुणी तळली, भांडी कुणी घासली आणि तरावीहला वेळेवर कोण पोहोचलं?

वाट कुठून जाते

आता व्यवहाराचं बोलू. ठाण्याच्या मुलामुलींना या विषयासाठी परदेशी जायलाच हवं असं नाही. वर बोललो ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जी संस्था करते ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था गोवंडीजवळ देवनारला आहे. १९५६ मध्ये ती स्थापन झाली, तिथे परदेशांतूनही विद्यार्थी येतात. जवळच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. ठाण्याहून लोकल धरायची, कुर्ल्याला हार्बर बदलायची, गोवंडीला उतरायचं. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र जुहूला आहे. ते १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकारानं सुरू झालं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. पुण्याच्या विद्यापीठात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, शर्मिला रेगे यांनी तिथे जात आणि स्त्री हे दोन प्रश्न एकत्र वाचायला शिकवलं. स्त्री अभ्यास हा यूजीसी-नेटचा स्वतंत्र विषय आहे, आणि जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपयांपासून सुरुवात होते.

कामाच्या जागाही केवळ एनजीओंमध्ये नाहीत. राज्य सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम १९७५ पासून आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या रोममधल्या कृषी विकास निधीच्या मदतीनं माविमनं 'तेजस्विनी' कार्यक्रम चालवला, बचतगटांमधल्या गावच्या बायकांची लोकसंचलित साधन केंद्रं उभी केली. म्हणजे रोमचा पैसा, मुंबईचं कार्यालय आणि खेड्यातली बाई अशी साखळी. या साखळीच्या प्रत्येक कडीवर माणूस लागतो: सर्वेक्षक, माहिती तपासणारा, सांख्यिकी जाणणारा, अहवाल लिहिणारा, भाषांतर करणारा. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. एकात्मिक बालविकास योजनेत पर्यवेक्षिका असतात. आणि आपल्या वस्तीत आशा ताई आहेत. घराघरातल्या बाळंतपणाची, लसीची, आजाराची सगळ्यात खरी माहिती त्यांच्या वहीत असते.

यात आपल्याकडे एक भांडवल आहे, ते आपण भांडवल समजत नाही. वर्तकनगरमधल्या मुस्लिम मुलीला मराठी येते, हिंदी येते, उर्दू समजते, घरची बोली येते, इंग्रजी शिकता येते. ती राबोडीतल्या खालाशी बोलू शकते आणि येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्या घरकाम करणाऱ्या मराठी ताईशीही. मोठ्या विद्यापीठातून आलेल्या संशोधकाला यासाठी दुभाषी लावावा लागतो. फक्त सांख्यिकीची भीती घालवायला हवी. दहावीच्या गणितावर राग असला तरी टक्केवारी, सरासरी आणि नमुना म्हणजे काय हे सहा महिन्यांत शिकता येतं. त्याशिवाय या क्षेत्रात आपण कायम मुलाखती घेणारेच राहू, निष्कर्ष लिहिणारे होणार नाही.

पैशाचं खरं चित्र

या वाटेवर सध्या खड्डे आहेत, ते झाकून कुणाला पाठवू नये. सच्चर अहवालानंतर २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजात अल्पसंख्याकांना सवलत देणारी 'पढो परदेश' योजनाही बंद झाली. २०२० च्या बदलानंतर परदेशी निधीचा कायदा इतका कडक झाला की मोठ्या संस्थेला मिळालेला पैसा ती लहान संस्थेला देऊ शकत नाही. वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्थांना याचा फटका बसला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जून २०२४ मध्ये शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना अनुदान नसल्यामुळे करार संपल्याच्या नोटिसा गेल्या होत्या. ओरड झाल्यावर त्या मागे घेतल्या गेल्या. २०२५ मध्ये अमेरिकेनं आपली यूएसएड ही मदत संस्थाच गुंडाळली आणि जगभरातल्या कुटुंब-आरोग्य सर्वेक्षणांचा पैसा थांबला.

म्हणून एकाच देणगीदारावर आयुष्य टांगू नका. सांख्यिकी, शिक्षणशास्त्र, कायदा, परिचर्या, पत्रकारिता असं एखादं पक्कं कौशल्य हाताशी ठेवा आणि समानतेचा विषय त्याच्याशी जोडा. राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन आणि प्रशिक्षण संस्था काढायचा निर्णय घेतला. ती नुसती पाटी राहू नये, तिथे मुस्लिम मुलींना संशोधनासाठी फेलोशिप मिळाव्यात, ही मागणी आपण संघटितपणे लावून धरायला हवी. बार्टीसाठी बौद्ध विद्यार्थी रस्त्यावर बसले तेव्हा फेलोशिप हलल्या. आपण आपल्या आमदारांना ईद मिलनच्या कार्यक्रमाला बोलावतो तेव्हा या विषयावर किती वेळा विचारतो?

तीन पथ्यं

या क्षेत्रात जाणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात असं मला वाटतं.

एक, दार उघडून देणारे एवढीच आपली ओळख होऊ देऊ नका. बाहेरची संस्था येते, वस्तीतल्या मुलीला रोजच्या हिशेबानं पैसे देते, तिच्या ओळखीवर शंभर घरं गाठते आणि अहवालावर तिचं नाव कुठेच नसतं. पहिल्या बैठकीतच विचारा: प्रश्नावलीत आमचा शब्द असेल का? माहिती वस्तीला परत मिळेल का? लेखकांमध्ये नाव येईल का?

दोन, आपल्याच समाजाला अडचणीत आणणारं उत्तर मिळालं तर ते लपवू नका. मुलींचं लग्न लवकर होतं, वारशाचा हिस्सा कुराणानं दिला तरी भाऊ देत नाहीत, हे सापडलं तर लिहा. विरोधक याचा वापर करतील ही भीती खरी आहे. पण आपण लिहिलं नाही म्हणून ते गप्प बसत नाहीत, ते ऐकीव माहितीवर लिहितात. खरं कारणासकट लिहिलं तर वापरणाऱ्यांच्या हातातलं अर्धं हत्यार गळून पडतं.

तीन, मुस्लिम संशोधकानं फक्त मुस्लिमांवरच काम करावं हे बंधन मानू नका. शरीफा हमीद अलींनी साऱ्या देशाच्या स्त्रियांसाठी नियोजनाचा विचार केला. मुरबाडच्या आदिवासी बाईच्या पाण्याचा प्रश्न, वर्तकनगरच्या म्हाडा इमारतीतल्या मराठी विधवेच्या संक्रमण शिबिरातल्या भाड्याचा प्रश्न, हेही तुमचेच विषय आहेत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून अर्ध्या जागा महिलांना राखीव आहेत. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात एस्थर डुफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी शोधून काढलं होतं की बाई सरपंच झाली की पाण्याच्या कामावर जास्त खर्च होतो. डुफ्लोंना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं. ठाणे महापालिकेच्या वॉर्डांत असं झालं का? वर्तकनगर प्रभागाची दहा वर्षांची कामं माहिती अधिकारात मागवली तर उत्तराची सुरुवात हाती येते. त्याला कुठलीही परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही, दहा रुपयांचा अर्ज लागतो.

२०२७ ची जनगणना तोंडावर आहे. २०११ नंतर पहिल्यांदाच देश स्वतःला मोजणार आहे, या वेळी जातीसकट. गणनेला आलेल्या माणसाला मोघम उत्तरं देऊन परत पाठवू नका. घरातल्या बायकांची नावं, त्यांचं शिक्षण, त्यांचं काम नीट लिहून घ्यायला सांगा. घरी बसून शिलाई किंवा पॅकिंग करणारी अम्मी 'काम करत नाही' असं सांगू नका, ती काम करते. आणि तोवर आपल्या इमारतीतल्या, चाळीतल्या वीस घरांना दहा प्रश्न विचारून पाहा: घरकाम कोण करतं, मुलीची शाळा का सुटली, घर भाड्यानं मिळताना नाव सांगितल्यावर काय झालं. कागद, पेन आणि दोन रविवार पुरतील. आलेली उत्तरं मराठीत लिहा, उर्दूत लिहा, इंग्रजीत लिहा. त्या वीस घरांची माहिती ठाणे जिल्ह्याच्या कुठल्याही तक्त्यात नाही. ती पहिल्यांदा तुमच्या हातानं लिहिली जाईल.